हरलेल्या किड्याचे पंख

आमच्या प्रयोगशाळेत कुणी माशा मारत बसत नाही. इथे रातकिडे झुंजवतात. दोन नर काचेच्या वाडग्यात सोडले की जबड्याला जबडा भिडतो, आणि हरलेला नर पुढे कितीतरी वेळ कुणाशी पंगा घेत नाही. त्याच्या मज्जापेशी रसायनं सोडून एकमेकींना निरोप देतात. त्यांतलं एक रसायन म्हणजे ऑक्टोपामाइन. हरलेल्याची रग परत यायला तेच लागतं, हे माझ्या विद्यार्थिनीला दाखवायचं होतं. सतत काही ना काही वाहून नेत असते म्हणून मी तिला मुंगी म्हणते.

तिची पद्धत सरळ होती. काही हरलेल्यांना ऑक्टोपामाइन अडवणारं औषध टोचायचं, बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी. मिठाच्या पाण्यावाले संध्याकाळपर्यंत हळूहळू सावरायला हवे होते. पण हे पठ्ठे लगेचच बाह्या सरसावून विजेत्याच्या अंगावर जायचे. असला निकाल परीक्षकांपुढे नेला असता तर त्यांनी तिला घरचा रस्ता दाखवला असता, आणि प्रबंधासाठी वाढवून मिळालेली मुदतही संपत आली होती.

मला वाटलं, पोरीनं बाटल्यांची अदलाबदल केली. हा विषय सोड, असं सांगायचं ठरवूनच मी त्या दिवशी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

झुंज संपली. तिनं हरलेल्याला वाडग्यातच सुई टोचली, मग पाठीला चिमटीत धरून अलगद उचललं. पाय सुटताच त्याचे पंख भर्रकन फडफडले.

"हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

"पंख बघते, मॅडम. झुंजीत फाटतात ना. जखमी झालेल्याला परत कसं सोडायचं?"

"सगळ्यांचे बघतेस?"

"एकालाही वगळत नाही."

मी कपाळावर हात मारला. "अगं, पंख फडफडले की अंगात ऑक्टोपामाइन सुटतं! उडालेला किडा हार विसरतो. तूच त्यांना परत उभं करत होतीस."

तिचा चेहरा पडला. "म्हणजे सगळी मेहनत पाण्यात," एवढंच म्हणून ती वाडगे गोळा करायला लागली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी इतकी चिडले होते की साधी गोष्ट डोक्यात यायला वेळ लागला.

"थांब. औषध दिलेल्यांचेही पंख तपासलेस?"

"हो. तेही फडफडायचे. पण झुंजायचे नाहीत."

"अगं वेडे, मग हेच तर तुला दाखवायचं होतं! पंख हलले तरी रसायन अडलं की रग येत नाही."

"तुम्ही माझं मन राखायला म्हणताय."

तिला समजावण्यात अर्थ नव्हता. एकच गोष्ट करून बघायची राहिली होती: मिठाचं पाणी दिलेल्या हरलेल्याला न उचलता तसंच ठेवायचं. तो गप्प राहिला तर बाकीच्यांची रग पंख फडफडल्यामुळेच आली हे ठरणार होतं, आणि तिचं ऑक्टोपामाइनबद्दलचं म्हणणंही खरं ठरणार होतं. आम्ही नवी झुंज लावली. हरलेला कडेला जाऊन बसला. तिनं त्याला तिथेच मिठाचं पाणी टोचलं आणि दोघांच्या मध्ये पडदा सरकवला. मुंगीचा हात सवयीनं पुढे गेला, तो तिनं मागे घेतला आणि दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले. त्याला तसं बसू देणं तिला जड जात होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

थोड्या वेळानं मधला पडदा उचलला. विजेता समोर दिसताच हरलेला पाठ फिरवून पळाला.

त्या दुपारी लावलेल्या प्रत्येक झुंजीत हेच झालं. हरलेला पळाला की मी आनंदानं टेबलावर हात आपटायचे, आणि मुंगीच्या तोंडून "अरेरे" निघायचं.