अकरा जणांचा कोपरा

निवडणुकीतून माघार घेतल्याचं गव्हर्नर स्टँक्लिफबाईंनी मला स्वतः कळवलं. म्हणजे मला आणि आणखी चार लाख लोकांना. मी दुकानात कांदे निवडत होते, तेवढ्यात फोनवर मेसेज आला : 'मार्लिस, मैत्रिणी, आज जड अंतःकरणानं मी माझी मोहीम स्थगित करत आहे.' खाली लाल बटण होतं, देणगी द्या. 'संपली' म्हणायची लाज वाटली, मागायची मात्र नाही.

कॉकसला सहा दिवस उरले होते. सहा! अध्यक्षपदाच्या शर्यतीत देशात सगळ्यात आधी आमच्या आयोवाचा कौल लागतो, आणि तो मतपेटीत लागत नाही. कॉकस म्हणजे थंडीत संध्याकाळी सगळ्यांनी शाळेत जमायचं आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन, सगळ्या गावासमोर उभं राहायचं. एल्म फोर्कच्या आमच्या वॉर्डात बाईंचा कोपरा भरण्याचं काम माझ्याकडे होतं. आठ महिने मी दारं ठोठावली होती. एकोणीस जणांनी 'आम्ही बाईंच्या कोपऱ्यात उभे राहू' अशी सहीनिशी कार्डं भरून दिली होती. ती मी बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. त्या संध्याकाळी डबा उघडून बघितला आणि नुसती चरफडत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या प्रचाराच्या ऑफिसात गेले. पूर्वीचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान ते. कुलूप. काचेतून आत बघितलं तर टेबलं गेलेली, खुर्च्या गेलेल्या, आणि मधोमध जमिनीवर आमच्या चर्चची चाळीस कपांची कॉफीची किटली. माझ्या शब्दावर आणलेली! दारावरच्या नंबरवर फोन लावला. रेकॉर्ड केलेली एक बाई गोड आवाजात म्हणाली की या क्रमांकाची निरोपांची पेटी भरलेली आहे.

केंडलला फोन केला. केंडल म्हणजे बाईंची आमच्या काउंटीतली पगारी संघटक. पस्तिशीची, चुणचुणीत. तीन महिने माझ्या मागच्या खोलीत फुकट राहिली होती; माझ्या हातचं ओव्हनमधलं कॅसरोल खाऊन 'मार्लिस, तुमच्यामुळे जिवंत आहे हो मी' म्हणायची. माघारीच्या दिवशी मी दुकानातून परत येईपर्यंत पलंगावरची चादर घडी करून ठेवलेली आणि किल्ली पायपुसण्याखाली. केंडलनंही फोन उचलला नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण अर्डिथ होती.

अर्डिथ कोल्सरूड माझी चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. तिचा नवरा ओडेल आमच्या गावच्या वृद्धाश्रमात होता. तिच्या घरापासून चार गल्ल्या. रोज दुपारी ती चालत जाऊन त्याला सूप भरवायची. दोन वर्षांपूर्वी तो चालवणाऱ्या कंपनीला गाव परवडेना, म्हणून तीस दिवसांची नोटीस देऊन आश्रम बंद केला. ओडेलला सत्तर मैलांवर नेऊन टाकलं. अर्डिथ बर्फात गाडी चालवत नाही. तो जानेवारीत गेला, आणि तेव्हा शेजारी कोणी नव्हतं.

जूनमध्ये स्टँक्लिफबाई माझ्या घरी आल्या. हॅम सँडविच खाल्लं, माझ्या र्‍हुबार्बच्या आंबटगोड वड्या खाल्ल्या आणि अर्डिथचा हात हातात घेऊन तिची सगळी कहाणी ऐकली. म्हणाल्या, "मी जिथे जाईन तिथे ओडेलचं नाव घेईन." आणि घेतलं हो! टीव्हीवर घेतलं, सू सिटीत घेतलं, भर वादविवादात घेतलं. अर्डिथ टीव्हीसमोर ताठ बसून ऐकायची. त्याच आठवड्यात मला म्हणाली, "माझे दहा डॉलर दे बाई तिला."

मीच माझ्या फोनवरून तिचं बँकेचं कार्ड घातलं. अर्डिथला ईमेल नाही, तर फॉर्म पुढे सरकावा म्हणून मी एक पत्ता मनानंच ठोकून दिला. आणि 'दर आठवड्याला' या चौकोनात आधीच बरोबरची खूण होती, ती मला दिसलीच नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी तिचे दहा डॉलर जात होते. महिन्याभरानं लक्षात आल्यावर मी कान पकडले, तर ती म्हणाली, "राहू दे गं. चर्चमध्ये नाही का दर रविवारी टाकत?"

बाईंनी माघार घेतल्यानंतरच्या शुक्रवारीही ते गेले. अर्डिथ बँकेचा कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली.

"मार्लिस, आजही गेले दहा."

"काय सांगतेस!"

"बाई तर घरी गेल्या. मग आता या पैशाचं करतात काय? ओडेलचं नाव आता—"

"मी थांबवते," मी म्हटलं. माझं डोकं फिरलं होतं. "आजच्या आज थांबवते. समजतात कोण स्वतःला?"

"अगं, मी काय म्हणत होते..."

पण मी फोन लावायलाही घेतला होता. तासभर लढले. वेबसाइट म्हणे, तुमच्या ईमेलवर दुवा पाठवला आहे, तो उघडा. कुठल्या ईमेलवर? मी ठोकून दिलेल्या! बँकेतला माणूस म्हणाला, कार्डच बंद करतो, नवीन यायला दोन आठवडे. अर्डिथची औषधं त्याच कार्डावर. मी फोन आपटला. वर बघितलं तर अर्डिथ गेली होती. कागद तेवढा टेबलावर होता.

रविवारी चर्चमधून आले तर दारात केंडल उभी. हातात किटली. कोटावर नवा बिल्ला : मॅकॅर्डल.

सिनेटर मॅकॅर्डल! ज्या कंपनीनं आमचा आश्रम बंद केला, तिच्या मालकानं या गृहस्थासाठी निधी जमवायला शिकागोत मेजवानी ठेवली होती. हे मला कोणी सांगितलं? केंडलनंच, माझ्याच सोफ्यावर बसून.

"चिडल्या असाल तुम्ही," ती म्हणाली.

"छे गं. किटली धुऊन आणलीस का?"

"मार्लिस, बाईंनीच काल त्यांना पाठिंबा दिलाय. बघितलं असेल तुम्ही."

"बघितलं. हसत होत्या."

"मलाही भाडं भरायचं असतं हो. त्यांनी दुसऱ्याच दिवशी घेतलं मला." ती खुर्चीत टेकली. खरंच दमलेली दिसत होती आणि त्याचाही मला राग आला. "तुमच्याकडे ती एकोणीस कार्डं आहेत ना?"

"आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. अर्डिथच्या पैशाचं काय होतं?"

"आधी देणेकऱ्यांची देणी भागवतात. विमानाचं भाडं, जाहिराती. उरलं तर निधीत राहतं. बाई पक्षाला देऊ शकतात, पुढच्या निवडणुकीला वापरू शकतात. स्वतःच्या खिशात घालता येत नाही, एवढंच."

"आणि माणसांचं काय होतं?"

"माणसांचं म्हणजे?"

"आमचं गं! पैसे निधीत राहतात. आम्ही कुठे राहतो?"

"यादीत," केंडल म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच दुसरं उत्तर माहीत नव्हतं. बाईंची यादी मॅकॅर्डलनं भाड्यानं घेतली होती, हेही तिनंच सांगितलं. म्हणून तर शनिवारपासून माझ्या फोनवर तो मला 'मार्लिस, मैत्रिणी' म्हणत होता.

मी कार्डं दिली नाहीत. ती लोकांनी मला दिली होती, मॅकॅर्डलला नाही. मग केंडलनं दुसरं काढलं. देणग्यांचं काम बघणारी तिची एक मैत्रीण अजून मोहिमेच्या डेन्व्हरच्या ऑफिसात बसून बाईंचं सगळं आवरत होती. तिनं ठरवलं तर ती अर्डिथची देणगी आतून बंद करू शकत होती, माघारीनंतरचे दहा परतही देऊ शकत होती.

"मग सांग तिला."

"सांगते. पण तिच्याकडे अशा हजारो विनंत्या आहेत, मार्लिस. मला तिला गळ घालावी लागेल. आणि मलाही वर काहीतरी दाखवावं लागेल. तुम्ही आमच्या कोपऱ्यात उभ्या राहा. बाकीच्यांचं बाकीच्यांवर सोडा. फक्त तुम्ही. गावात तुम्हाला मानतात."

मी विचार केला तो असा : बाई गेल्या, कोपराच उरला नाही, मग मी कुठे उभी राहते याला काय किंमत? अर्डिथचे पैसे मात्र खरे होते आणि ते माझ्या चुकीनं जात होते. मी हो म्हटलं. अर्डिथला यातलं काही बोलले नाही. काम झाल्यावरच सांगू, म्हटलं.

सोमवारी संध्याकाळी तिला माझ्याच गाडीतून शाळेत नेलं. ज्या कँटीनमध्ये तीस वर्षं मी पोरांना मॅकरोनी वाढली, तिथेच सभा. बँडमास्तर लोवेल निवृत्त झाल्यापासून अध्यक्ष असतो. त्यानं दारात प्रत्येकाला पसंतीचं एकेक कार्ड दिलं आणि मोजलं : शहात्तर माणसं. मग नियम वाचला. दर शंभरात किमान पंधरा नसतील तर तो कोपरा बाद. म्हणजे आज बारा लागतील. बाद झालेल्यांनी दुसरीकडे जावं किंवा घरी. पण पहिल्या मोजणीत ज्यांचा कोपरा टिकला, त्यांनी जागा सोडायची नाही. त्यांनी सही करून दिलेलं कार्ड पक्कं.

हा नियम मला नवा नव्हता. आठ महिने वाटाणे आणि गाजराचे तुकडे मांडून मीच तो लोकांना समजावला होता.

मॅकॅर्डलची माणसं खिडकीपाशी, दुसरा उमेदवार होता त्याची दुधाच्या फ्रीजपाशी. मी खिडकीपाशी गेले. लोक बघत होते. केंडल फोन घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

आणि अर्डिथ वॉकर ढकलत सरळ ताटं ठेवायच्या खिडकीखाली गेली. तिथे कोणीच नव्हतं. पाटी नाही, फुगा नाही. वळली आणि उभी राहिली.

लोवेल घसा खाकरून म्हणाला, "अर्डिथ, तू कोणाकडे?"

"स्टँक्लिफबाईंकडे."

"त्या तर आता उभ्या नाहीत."

"म्हणून तर मी उभी राहिलेय," अर्डिथ म्हणाली. "शुक्रवारपर्यंतचे पैसे भरलेत मी."

हशा पिकला. मग कोणीतरी दुधाच्या फ्रीजपासून निघून तिच्याकडे गेलं. पोस्टातला हार्लन. मग डेअरीवाले नवरा-बायको. मग ओडेलला सांभाळायची ती नर्स, इनेझ, तिची नोकरी आश्रमाबरोबरच गेली होती. एकेक जण, हात खिशात घालून, आपण सहज चाललोय असं दाखवत. सगळी माझ्या बिस्किटाच्या डब्यातली माणसं! मी मनात मोजत होते. सात. नऊ.

मी पाय उचललाही होता. केंडलनं बाहीला धरलं.

"डेन्व्हरवालीनं अर्डिथचं पान उघडलंय," ती कुजबुजली. "मार्लिस, आत्ता. दोन मिनिटं. आत्ता गेलात तर मी तिला काय सांगू?"

दोन मिनिटंच तर, असं मला वाटलं. मी फोनकडे बघत राहिले. पलीकडून कोणी लिहीत असल्याची ती तीन टिंबं हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. मग मेसेज उमटला : 'कोल्सरूड, अर्डिथ. बंद केली. दहा परत.' मला इतकं हलकं वाटलं! मी केंडलला थँक्यूसुद्धा म्हटलं. वर बघितलं तर लोवेल आमची कार्डं गोळा करून दुसऱ्या टोकाला पोचला होता. माझंही कार्ड त्यातच होतं, सही केलेलं.

"मॅकॅर्डल, चौतीस. टिकला," तो वाचू लागला. "फ्रीजपाशी, एकतीस. टिकला. स्टँक्लिफ..." त्यानं पुन्हा मोजलं. "अकरा."

मी पुढे झाले. "लोवेल, मी तिकडे जाते. बारा होतील."

"तुझा कोपरा टिकलाय, मार्लिस. तुला हलता येणार नाही."

"अरे, मी आधीच निघाले होते!"

"तूच तर शिकवलंस सगळ्यांना," तो म्हणाला. वाईट वाटत होतं त्याला, दिसत होतं. पण नियम म्हणजे नियम.

अकरा जणांनी एकमेकांकडे बघितलं. लोवेल म्हणाला की आता हवं तिकडे जा. चौघं फ्रीजपाशी गेली, दोघं खाली मान घालून आमच्याकडे आली, बाकीच्यांनी कोट घातले. अर्डिथनंही घातला. बटणं लावायला तिला नेहमीच वेळ लागतो, पण त्या दिवशी मदतीला जायची माझी हिंमत झाली नाही.

गाडीतून मी तिला घरी आणलं. तिच्या दारापाशी मी इंजिन बंद केलं आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. चौकोनातली खूण, केंडल, डेन्व्हर, दोन मिनिटं. "तुझे पैसे थांबलेत, अर्डिथ. दहा परतही येतील. तुझ्यासाठीच केलं गं मी."

तिनं सीटबेल्ट काढला.

"पैसे थांबव, असं मी कधी म्हटलं?"

"तू कागद घेऊन आलीस ना त्या दिवशी."

"मी विचारायला आले होते की आता ओडेलचं नाव कोण घेणार. तू ऐकूनच घेतलं नाहीस." तिनं दार उघडलं, एक पाय बर्फात ठेवला. "बारा झाले असते, तर लोवेलला कागदावर लिहावं लागलं असतं. आमचा एक माणूस प्रतिनिधी म्हणून पुढे काउंटीच्या सभेला गेला असता. मी त्याला सांगणार होते काय बोलायचं ते."

मी वॉकर काढून द्यायला खाली उतरले. तिनं तो स्वतःच ओढून घेतला.

शुक्रवारी तिच्या खात्यात दहा डॉलर परत जमा झाले. ते मला तिनं नाही, बँकेतल्या पोरीनं सांगितलं.