लाल पाण्यावरचं पाणी

घरात तिला सगळे प्रोफेसरीणबाई म्हणत, पण तिचा प्रबंध अजून व्हायचा होता. नाव सासऱ्यांनी ठेवलं आणि ते चिकटलं.

प्रबंध अडला होता एका काचेच्या टाकीपाशी. दोन मीटर लांब, वीतभर उंच. तळाला लाल रंगाचं खारं पाणी, त्यावर गोडं पाणी. मग टाकी एका बाजूने उचलायची, म्हणजे जड पाणी खाली घसरणार, हलकं वर चढणार आणि मधल्या सीमेवर दोन्ही थर घुसळले जाणार. ती घुसळण तिला मोजायची होती. पण टाकी उचलायची वेळच येत नव्हती. वरचं पाणी ओतता ओतताच सगळ्याचं गुलाबी सरबत होऊन जायचं. तीन महिने हेच रडगाणं.

त्या दिवशी ती चष्मा घरी विसरली आणि सासरे तो घेऊन प्रयोगशाळेत आले. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस. टाकीपाशी येऊन उभे राहिले ते हलेचनात.

"पाणी भरतेस की टाकी धुतेस गं?"

"बाबा, अगदी बारीक धार सोडलीय."

"बारीक असली तरी सरळ तळाशी घुसतेय. आधी तिचा जोर मोडायला हवा. स्पंज आहे?"

भांडी घासायचा कोरा स्पंज मिळाला. सासऱ्यांनी तो थर्माकोलच्या चौकटीत बसवला, लाल पाण्यावर तरंगत सोडला आणि नळी त्यावर टेकवली. पाणी स्पंजात मुरून कडेने अलगद पसरू लागलं. दोघं तीन तास स्टुलांवर बसून होती. तिचा जीव मुठीत, आणि सासरे जुन्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगत होते.

"बाबा, हसवू नका ना, टेबल हलतंय!"

टाकी भरली तेव्हा सीमा सुरीने कापल्यासारखी होती. तिने चौकट अलगद काढून झाकण लावलं, कॅमेरा सुरू केला आणि टाकी उचलली.

क्षणभर काहीच नाही. मग सीमेवर सुरकुत्या उठल्या, फुगल्या आणि ओळीने गुंडाळत गेल्या. भोवऱ्यांच्या पोटात लहान भोवरे, लाल आणि नितळ एकमेकांत गुरफटलं, आणि बघता बघता मधोमध गुलाबी पट्टा!

ती अशी काही किंचाळली की शेजारच्या खोलीतून तिच्या मार्गदर्शक मॅडम धावत आल्या. बघतात तर ही सासऱ्यांचे हात धरून उड्या मारतेय.

"काय फुटलं?"

"फुटलं नाही मॅडम, मिसळलं!"

मॅडमनी चित्रीकरण तीनदा पाहिलं, मग स्पंजाची चौकट उलटसुलट करून पाहिली. "आमची मोठी टाकीही बघाल का हो जरा?"

"बघू की," सासरे म्हणाले, "पण आधी हे परत करून दाखव गं. मी आणि तुझा कॅमेरा, दोघंही मधल्याच वळणांकडे बघत बसलो, टोकाला काय झालं ते राहूनच गेलं."

म्हणजे आणखी तीन तास. तिने हसत हसत तोटी उघडून टाकी रिकामी करायला घेतली, आणि घरी फोन लावून सांगितलं, आमच्यासाठी जेवायला थांबू नका.