एकविशीच्या आतला गोलकीपर

गोलकीपरची चूक आणि नव्या सुनेची चूक, दोन्ही अख्ख्या गावाला दिसतात. बाकीचे दहा जण नव्वद मिनिटं माती खातात, त्यांना कुणी विचारत नाही. मी सतरा वर्षं गोलमध्ये उभा राहिलो आणि आता बारा वर्षं दुसऱ्यांना उभं राहायला शिकवतोय, त्यामुळे हे मला कुणी सांगायची गरज नाही.

कासियान आमच्या संघात होता तो चांगला होता म्हणून नव्हे. चांगला तो होताच, पण त्याला मैदानावर ठेवलं होतं नियमाने. पहिल्या अकरात एक तरी पोरगा एकविशीच्या आतला हवा, असा आमच्या लीगचा नियम. मग बहुतेक कोच त्या पोराला गोलमध्ये उभा करून मोकळे होतात. पुढचे दहा आपल्या मनासारखे घेता येतात. आमच्या कोचनेही तेच केलं होतं. त्याला सगळे प्रोफेसर म्हणतात. शाळेत तो कितवीपर्यंत टिकला हे कुणी विचारत नाही. खरा गोलकीपर, तेहतीस वर्षांचा निकुशोर, बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायचा आणि प्रोफेसरला ते रोज खुपायचं.

जूनमध्ये कासियानचं वय संपणार होतं. म्हणजे पोरगा एकविशी ओलांडणार आणि त्याची गरज उरणार नाही. तोवर मोठ्या क्लबाने उचललं तर उचललं, नाही तर मामाच्या पंक्चरच्या दुकानात टायर. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मैदानाची राखण करणाऱ्या कुत्र्यालाही माहीत असावं.

मार्चमधल्या एका शनिवारी, सकाळी अकराच्या मॅचला, कॉर्नरवरून आलेला बॉल त्याने उडी मारून घेतला आणि खाली पडताना उजवा हात टेकवला. बॉल सोडला नाही. मॅच संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत तो डाव्या हाताने बुटाची नाडी सोडत होता.

"काय रे, उजवा हात सासरी गेला का?" मी विचारलं.

"काही नाही, गेलूकाका. जरासा ठणकतोय."

मी हात ओढून घेतला. अंगठ्याच्या मुळाशी एक खळगी असते, तिथे बोट दाबलं. पोरगं "आई गं" म्हणून बाकावरून उठलं. ती खळगी प्रत्येक जुन्या गोलकीपरला ठाऊक असते. आत शेंगदाण्याएवढं हाड असतं. ते मोडलं तर सूजही धड येत नाही, पण प्लास्टर तीन महिने.

"लचकलंय," मी म्हणालो.

"नक्की ना काका?"

"आता तू मला शिकवणार?"

खोटं का बोललो ते सांगतो. तीन महिने म्हणजे सरळ जून. प्रोफेसरकडे एकोणीस वर्षांचा रारेश होता, कडेने धावणारा. त्याला घेतलं की नियम भागला, निकुशोर गोलमध्ये, आणि कासियानचं नाव पुन्हा कुणी काढलं नसतं. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे की बारा वर्षांत माझ्या हाताखालचा एकही पोरगा वर गेला नव्हता. मला तो एक हवा होता. भुकेल्या माणसाला भाकरी हवी तसा हवा होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला बजावलं आणि कामाला लागलो. गोलकीपरच्या हातमोज्यात बोटांमागे प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. जुन्या मोज्यातल्या तीन पट्ट्या मी काढल्या, मनगटाच्या मागे लावल्या आणि वरून चिकटपट्टीचे वेढे दिले. मोजा चढवला की काही दिसायचं नाही. सरावाला प्रोफेसर आला की मी कासियानला पायांची कसरत द्यायचो. झेल घ्यायला मनगट मागे वाकावं लागतं, ते त्याला जमेना, म्हणून मी त्याला बुक्की मारायला शिकवलं. येईल तो बॉल दोन्ही मुठींनी उडवायचा.

लोकांना ते भारी आवडलं. वर्तमानपत्रात आलं, 'निर्भय गोलकीपर'. प्रोफेसर म्हणाला, "गेलू, हे जर्मनांसारखं कुठून शिकवलंस?" मी म्हणालो, "वाचत असतो." आयुष्यात मी हातमोज्याच्या खोक्यावरचा मजकूर सोडून काही वाचलेलं नाही.

एका बाईला मात्र ते आवडलं नाही. कासियानची आई स्तेलुत्सा अकरा वर्षं इटलीत एका म्हाताऱ्या बाईची सेवा करतेय, तिच्याच घरात राहून. पोराची प्रत्येक मॅच ती फोनवर बघायची, म्हातारीला सूप भरवता भरवता. एप्रिलमध्ये तिचा मला फोन आला.

"गेलूभाऊ, हा हल्ली बॉल धरत का नाही? सारख्या बुक्क्याच मारतो."

"नवी पद्धत आहे, ताई."

"नवी कसली? लहानपणी मांजराला धरावं तसा धरायचा बॉल. त्याला दृष्ट लागलीय कुणाची तरी. इथून गावाकडे येणाऱ्या मिनीबसवाल्याकडे लाल दोरा पाठवलाय, तेवढा त्याच्या हाताला बांधा."

दोरा आला. मी तो चिकटपट्टीवरून बांधला. बांधताना मला स्वतःची इतकी लाज वाटली, की गाठ दोनदा सुटली.

मेमध्ये पोरगं मॅचआधी उलटी करायला लागलं. सकाळी गोळ्या, मध्यंतराला गोळ्या. दाराची मूठ तो कोपराने उघडायचा. एकदा पट्टी गुंडाळताना त्याने विचारलं, "काका, लचक दोन महिने टिकते?"

"गोलकीपरची टिकते."

"तुमची टिकली होती?"

"गप बस. मोजा घाल."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने मोजा घातला. त्या दिवशी त्याला कळलं असणार. कळूनही त्याने हात पुढेच धरला, कारण जून तीन आठवड्यांवर होता. मला तेव्हा थांबता आलं असतं. मी पट्टी फाडून फेकायला हवी होती. मी आणखी दोन वेढे घट्ट दिले.

राजधानीतल्या मोठ्या क्लबाचा माणूस शेवटून दुसऱ्या मॅचला आला. ऐंशीव्या मिनिटाला आमच्याविरुद्ध पेनल्टी. कासियान उजवीकडे झेपावला, बॉल उजव्या तळव्यावर आपटून खांबाबाहेर गेला. सगळं मैदान नाचत होतं. तो जमिनीवर पालथा पडून गवत दातांनी चावत होता, ते फक्त मी पाहिलं. पुढची दहा मिनिटं त्याने एका हाताने गोल राखला.

सोमवारी बोलावणं आलं. प्रोफेसरने अंगणात विस्तव पेटवून सगळ्या संघाला मांसाचे तुकडे भाजून घातले, माझ्या पाठीत थाप मारली. "गेलू, लेका, आंधळ्या कोंबडीलाही कधी तरी दाणा सापडतो!" कासियान हसला. डाव्या हाताने जेवला.

सह्या व्हायच्या आधी तपासणी असते. मला ते माहीत होतं. माझ्या वेळी गुडघे बघायचे आणि खोकायला लावायचे; मला वाटलं, गोलकीपरचं मनगट बघून कोण काय करणार. गोलकीपरचे हातच आधी बघतात, एवढी अक्कल मला आली नाही.

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. एक्स-रे बघितल्यावर त्याची घाई गेली.

"हे कधी मोडलं?"

कासियान म्हणाला, "मार्चमध्ये."

"आणि हाडाचा हा अर्धा भाग मेलाय, दिसतंय? रक्तच पोचत नाही. शस्त्रक्रिया करता येईल, रोजच्या कामापुरता हात होईल. पण गोलमध्ये नाही. त्याच दिवशी प्लास्टर घातलं असतं, तर ऑगस्टमध्ये तू धडधाकट खेळला असतास. कुणाला दाखवलं नाहीस?"

"नाही."

मनगटावर उमटलेल्या वेढ्यांच्या एकसारख्या वळांवर त्याने बोट ठेवलं. "पट्टी कोण बांधायचं?"

"मीच."

"उजव्या हाताला, डाव्या हाताने, इतकी नीट?"

"सवय झाली होती," कासियान म्हणाला.

डॉक्टर माझ्याकडे बघत होता. मी भिंतीवरच्या सांगाड्याकडे बघत होतो. एकोणतीस वर्षांत इतका सोपा गोल मी कुणाला करू दिला नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही बसलो. क्लबाचा माणूस आला, वाईट वाटलं म्हणाला आणि लगेच फोनवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेत निघून गेला. कासियान रडत नव्हता. नुसता हाताकडे बघत होता, दुसऱ्याचा हात चुकून आपल्या मांडीवर राहिल्यासारखा. मी म्हणालो, "पोरा..."

"असू दे, काका. जून तर आलाच असता."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "आई. तुम्ही बोला. मला नाही जमणार."

मी घेतला. स्तेलुत्सा आधीच बोलत होती.

"झाली का रे सही? ऐक, मी आज इथल्या लोकांना सांगून टाकलं. जुलैपासून दुसरी बाई बघा म्हटलं. माझा मुलगा राजधानीत राहणार, त्याला कोण करून घालणार? म्हातारी रडली रे, पण मी बॅग काढलीच. हॅलो?"

"स्तेलुत्सा, मी गेलू."

"अगंबाई, गेलूभाऊ! तुमचे उपकार..."

"बस जरा. बसलीस?"

मी सांगितलं. मार्चपासून सगळं सांगितलं. खळगीत बोट दाबलं ते, त्याच क्षणी मला कळलं होतं ते, लचक म्हणालो ते, पट्ट्या, गोळ्या, तिचा दोरा कशावर बांधला ते. ती शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. द्याव्यात असं मला फार वाटत होतं.

मागे कुठेतरी म्हातारी खोकली. मग स्तेलुत्साने विचारलं, "चमचा धरता येईल ना त्याला?"

"येईल," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "ठेवते. ते दुसरी बाई बघायच्या आत जाऊन सांगते, की मी कुठे जात नाही म्हणून."