समुद्र आणायचा डबा

माझ्या आईनं, कौसल्यानं, उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आमच्या वडीगोद्रीत पाहिला होता तरी कुणी? म्हणून शेजारची जन्नतखाला भावासोबत हजला निघाली, तेव्हा आईनं डालड्याचा मोठा कडीचा डबा तिच्या सामानात कोंबला.

"येताना ह्याच्यात समुद्र घेऊन ये गं. जाताना नको भरू, शिळा होईल."

समुद्र शिळा होतो म्हणे! सगळी आळी हसली. आई कसली ऐकते! आत धूळ जायला नको म्हणून झाकण तिनं बत्त्यानं ठोकून घट्ट बसवलं.

एडनच्या अलीकडं जहाज खडकावर आदळून फुटलं. बातमी आली त्या दिवशी आमची चूल पेटली नाही. पुढं तार आली, भाऊ-बहीण दोघं जिवंत आहेत. आईनं आळीभर गूळ वाटला, तोही बहात्तरच्या दुष्काळात.

खाला परतली, पण आमच्याकडं फिरकेना. आडावर आई दिसली की रिकामी घागर घेऊन माघारी वळायची.

"हज तर घडली न्हाई, मंग एवढा ताठा कशाचा?" आई चिडायची आणि पदरानं डोळे पुसायची. लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण तुटते की काय, या धास्तीनं तिला घास गोड लागत नव्हता.

शेवटी एका सकाळी मला ओढत ती खालाच्या दारात जाऊन उभी राहिली. "माझा डबा दे."

खालानं डबा आणला. पार पोचलेला, गंजलेला. पण देईना, छातीशी धरून उभी राहिली. आमच्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतातच.

"समुद्र आणला न्हाई, कौसल्या. अन् ह्यात साखर घालून देऊ? जहाज फुटल्यावर बसवलेली होडी उलटली तवा हातात हाच आल्ता. कडीत हात अडकवून तरंगत राह्यले, दुसरी बोट येईपर्यंत. मुंबईतच भरायला काढला व्हता मी. म्हणलं, येताना गर्दीत ऱ्हाऊन जाईल. मंग तुझं बोलणं आठवलं, शिळा होईल. भरला असता तर..." तिनं डब्याचा गंज पदरानं पुसला. "ह्याच्यात काय घालून देऊ, तेच कळंना. म्हणून तोंड चुकवून राह्यले."

आईनं डबा तिच्या हातातून ओढून घेतला.

"रिकामा कुठं आलाय गं? तुला घेऊन आलाय न्हाई का!"

मग दोघी गळ्यात पडून रडल्या. रडता रडता आई मध्येच हसायलाही लागली, कारण शिळ्या समुद्राच्या गोष्टीचा निकाल आता तिच्या बाजूनं लागला होता.

तो डबा अजून आमच्या फळीवर आहे. पीठ ठेवायलासुद्धा आई तो देत नाही. म्हणते, "रिकामाच ऱ्हाऊ दे. कुणाला लांब जायचं असलं तर देता येईल."