मेल्यावर लागलेली नोकरी

मी एक जुना, रीतसर मेलेला जंतू आहे. दचकू नका, मित्रांनो. जिवंतपणीही मी कुणाचं वाईट केलं नाही. दुधाचं दही करत होतो. मग कारखान्यात आम्हां कोट्यवधी भावंडांना मुद्दाम तापवून मारलं आणि पिशवीत भरलं. आमच्या कुड्या आणि आम्ही मागे ठेवलेला आंबूस ऐवज गुरांच्या आतड्यांना मानवतो. मग ऊठसूट अँटिबायोटिक चारावं लागत नाही.

वाराणसीत, दूधविनायकाच्या गल्लीत मला मृणालिनीताईंनी घरच्या गाईसाठी आणलं. त्या गुरांच्या डॉक्टर. सासरे बिंदुमाधवशास्त्री म्हणाले, "सूनबाई, काशीत मेल्यावर मोक्ष मिळतो, नोकरी नाही! मुडदे खाऊन गाय धष्टपुष्ट होणार?"

"बाबा, थोडे दिवस बघा तरी."

"बघतो की!" म्हणाले, आणि दुकानातून 'ताकदीची पुडी' आणून गुपचूप पेंडीत कालवू लागले. ती पुडी म्हणजेच अँटिबायोटिक. गाय तर आधीच ठणठणीत! आग नाही, धूर नाही, आणि रोज घरावर बंबाचं पाणी!

लवकरच ताईंच्या सासूबाईंचं, कालिंदीकाकूंचं, दही लागेना. पुडीचा अंश दुधात उतरला होता. विरजणातले माझे जिवंत नातलग पातेल्यात पटापट मरत होते. खुनी मोकळा, आणि बोल मला!

"हे मेलेलं गोठ्यात आलं नि विरजण बिघडलं. अहो, गंगेत सोडून या," काकू कडाडल्या. शास्त्रीबुवा पिशवी काखोटीला मारून निघालेसुद्धा. संतापानं मी जीव दिला असता. पण ती सोय उरली नव्हती.

मृणालिनीताईंनी दार अडवलं. "थांबा बाबा. काल बाजारच्या दुधाला मी हेच विरजण लावलं. दही छान लागलंय. म्हणजे खोट आपल्याच दुधात. गाईला तुम्ही काय चारताय?"

"ताकदीची पुडी... दुकानदार म्हणाला, सब डालते हैं."

"बाबा, ते अँटिबायोटिक आहे! दुधात उतरतं ते," ताई म्हणाल्या.

"आणि तेच दूध आपण रुचीला पाजतोय?" काकूंचा आवाज चिरकला. "सख्ख्या नातीला? वर आळ या बिचाऱ्या मुडद्यांवर!"

शास्त्रीबुवांनी मला गोठ्यात परत नेऊन ठेवलं. पुडी बंद झाली. ताईंनी सांगेपर्यंत ते दूध कुणी प्यायलं नाही.

मित्रांनो, मी औषध नव्हे. गाय खरंच आजारी पडली, तर डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिकच हवं. म्हणून तर ते धडधाकट गुरांवर उधळू नका! रोगजंतू त्याला सरावतात, आणि मग ऐन तापात ते गाईलाही लागू पडत नाही, रुचीलाही नाही. हे रोगजंतू माझे दूरचे भाऊबंद आहेत. समजूत काढायला मला पाठवू नका. घरात माझं कुणी ऐकत नाही.