धनेशचे तीन ग्लास

कॉलेजची मुलं किती पितात हे नंतर विचारलं तर ती धड आठवून सांगत नाहीत, म्हणून पीत असतानाच विचारायचं, असा संपदाच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता. दर शनिवारी संध्याकाळी ती यात भाग घ्यायला तयार झालेल्या मुलांना एसएमएस करायची: आत्ता पिताय का? किती झाले? मुलं बसल्या जागेवरून उत्तर पाठवायची. २००७ साली वसईत हे नवीनच होतं. उमेळ्याचा धनेश एकदाही चुकला नव्हता. त्याचं उत्तर ठरलेलं, तीन.

एका शनिवारी भुईगावला तिच्या मैत्रिणीचं, सुझानचं लग्न होतं. सुझानचा धाकटा भाऊ कॉन्रॅड धनेशच्याच वर्गात, तोही संपदाला उत्तरं पाठवणारा. बँड सुरू झाला तशी संपदा मांडवाबाहेर आली, तिने मेसेज पाठवला आणि मान वर केली, तर विहिरीपाशी धनेश उभा. त्याने ग्लासातली दारू अळवात ओतली आणि मोबाइल काढला. तिचा फोन वाजला. तीन.

"धनेश?"

तो दचकला. "ताई, तुम्ही इथे?"

"एकही घेतला नाहीस ना?"

"बाबांना रोज गुत्त्यावरून घरी आणतो, ताई. मला वासानेच मळमळतं. पण तुमचा मेसेज आला की सगळे एकमेकांचे मोबाइल बघतात. शून्य लिहिलं तर पुढच्या वेळी मला कोण बोलावणार?"

संपदा रागवणारच होती, पण त्याचा उतरलेला चेहरा बघून तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. तेवढ्यात कॉन्रॅड त्याला शोधत आला.

"इथे काय करतोस रे?"

धनेशने रिकामा ग्लास विहिरीच्या कठड्यावर ठेवला. "मी पीत नाही, कॉन्या. कधीच नाही प्यायलो."

"मग नाताळात?"

"ओतून दिली."

कॉन्रॅडने त्याच्या खांद्यावर थाप मारली. मग संपदाकडे वळून ओशाळं हसला. "ताई, मी पाच लिहितो ना, ते दोनच असतात."

दोघं मांडवात गेले. धनेश शर्ट भिजेपर्यंत नाचला. कुणीतरी त्याच्यापुढे बाटली धरली, तेव्हा कॉन्रॅडनेच ती बाजूला सारली. "तो नाही घेत."

सोमवारी संपदाने प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं. जमवलेली माहिती टाकून द्यावी लागली, मुलांना एकेकटं गाठून पुन्हा सुरुवात करावी लागली.

"त्या पोरापायी तुझं वर्ष गेलं," आई म्हणाली.

"अगं, तो भेटला म्हणून बरं," संपदा म्हणाली. "नाहीतर मी सगळं खोटंच छापलं असतं."