अर्ध्या तिकिटाचं वय

अंजनाला म्हातारी केलं ते एसटीच्या तिकिटानं. म्हणजे एसटीचा तसा काही दोष नाही, ती बिचारी आपली मिरजेला जायची आणि यायची. दोष लालासाहेबाच्या डोक्याचा, आणि नवऱ्याचं मुकाट ऐकणाऱ्या अंजनाचा.

झालं असं, की तीन-चार वर्षांमागं लालासाहेबाच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात लुळा पडला. दर आठवड्याला त्याला कुंडलहून मिरजेच्या दवाखान्यात व्यायामाला न्यायचं, तेही धरून धरून. तिकिटानं दोघं मेटाकुटीला आली. पासष्टीच्या पुढच्यांना तेव्हा अर्धं तिकीट होतं. आठवडी बाजारात आधार कार्ड दुरुस्त करून देणारा एकजण टेबल मांडून बसला होता, आणि एका दुपारीत त्यानं बाजारातली कितीतरी माणसं म्हातारी करून सोडली.

अंजना जेमतेम पन्नाशीची. ती मागं सरायला लागली.

"अगं, वय म्हंजे काय वजन हाय व्हय, वाढलं म्हणून अंगाला लागायला?" लालासाहेब म्हणाला. "सगळीच करत्यात."

अंजनानं मान हलवली. नवरा-बायको जोडीनं पासष्टीला पोचली. आणि वर्ष उलटलं नाही तोवर सरकारनं तमाम बायकांना अर्धं तिकीट करून टाकलं! आता बोला. थोडी कळ काढली असती, तर तरण्या वयातच अर्ध्यात गेली असती.

हे सगळं ती विसरूनही गेली होती. विसरायला तिला अंगणवाडी होती. वीस वर्षं ती तिथं मदतनीस. सकाळी घराघरांतून पोरं गोळा करायची, खिचडी रांधायची, शेंबडं नाक पुसायचं, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. लालासाहेबाच्या दुखण्यात तिला तेवढाच विसावा होता. त्या खोलीत गेलं की तिचा जीव थाऱ्यावर यायचा.

गेल्या महिन्यात अंगणवाडीच्या कार्यालयानं सगळ्यांची वयं आधारवरून संगणकात चढवली. पर्यवेक्षिका साक्षी मॅडम स्वतः सांगायला आल्या.

"अंजनाताई, पासष्टीला सेवा संपते. तुम्ही तर पुढं गेलाय. या महिन्याअखेर थांबावं लागेल."

"आवं मॅडम, थट्टा करता व्हय गरिबाची? मी पन्नाशीतली बाई!"

मग तिकिटाची सगळी कथा सांगावी लागली. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. बाई मायाळू होती. म्हणाली, "आधार दुरुस्त करून आणा." अंजना पलूसला आधार केंद्रात गेली. तिथं कळलं, जन्मतारीख एकदाच बदलता येते, आणि हिची बदलून झालीय. शाळेचा दाखला म्हणावा, तर बाप मेंढरं घेऊन माण तालुक्यातनं मुलूखभर हिंडणारा. पोरगी कुठल्या शाळेत टिकणार?

"थोरला भाऊ आहे ना? त्याच्या वयाचा कागद आणा," मॅडमनी तोड सुचवली. "थोरल्या भावापेक्षा बहीण मोठी कशी असेल?"

अंजनाला एवढं बरं वाटलं म्हणता! दुसऱ्या दिवशी ती माणात थोरल्या भावाच्या, जोतिबाच्या दारात. जोतिबानं सगळं ऐकलं, आणि तोंड फिरवून खाकरत बसला.

"काय झालं रं दादा?"

"पंच्याहत्तरीच्या पुढं एसटी फुकट हाय," तो पुटपुटला. "मी बी वाढवून घेतलंय. कार्डावर सत्याहत्तर हाय माजं. तू अडुसष्ट न्हवं? मग बराबर जुळतंय की गं. धाकटीच हायस तू."

हसावं की रडावं तिला कळेना. एसटीत खिडकीशी बसून ती घरापर्यंत रडत आली. तिची रग मोडली होती. नुसती दमून गेली होती.

"माजीच चूक हाय सगळी," लालासाहेब म्हणाला.

"मान मी हलवली न्हवं? गप बसा आता."

शेवटची एक वाट उरली होती. सरकारी डॉक्टरनं तपासून वय लिहून दिलं, तर मॅडम वरती शब्द टाकणार होत्या. लालासाहेबानं केस काळे करायची पुडी आणून ठेवली. अंजनानं ती परत दुकानात धाडली.

"येकदा खोटं केलं, लय झालं. जशी हाय तशी जाणार मी."

डॉक्टर तरणा होता, बोलायला मऊ. दात बघितले, निम्मे नव्हतेच. गुडघ्यांचे, हातांचे एक्स-रे काढून आणायला लावले. ते उजेडात धरून तो बराच वेळ बघत राहिला. उसाची खुरपणी, डोक्यावरच्या घागरी, चुलीचा धूर, लुळ्या माणसाला उचलणं बसवणं. डॉक्टरला यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं.

"आजी," तो म्हणाला, "तुम्ही पन्नाशी सांगताय, पण हाडं तसं म्हणत नाहीत. वय काही नेमकं कळत नसतं, अंदाजच असतो. माझ्या अंदाजानं पासष्ट ते सत्तर."

"आवं डाक्टर, लगीन झालं तवा ही येवडीशी..." लालासाहेब उसळला.

अंजनानं त्याला दंडाला धरून खाली बसवलं. डॉक्टर खोटं बोलत नव्हता. गुडघे तिचेच होते, रोज उठताना करकरायचे ते तिला ऐकू यायचं. भांडायचं तर कुणाशी?

"डाक्टर, येक इचारू?" ती म्हणाली. "मग माजी मदली वरसं कुटं गेली वं?"

डॉक्टरनं सही केली आणि कागद लालासाहेबाच्या हातात दिला, तिच्या नाही.